बायकोने मागितलेली वेळ

३ मार्च, मंगळवार

अकरा ते एक फोन. बरेच आले, वेळ दिली एकालाच.

बाकीच्यांचं तेच. पहिल्या वाक्यालाच अगं-तुगं. खाली चष्मेवाल्याच्या दुकानात हीच माणसं "अहो, जरा बघता का" म्हणत असतील. जिना चढून वर आलं की अहो संपतं. एकाला नाव विचारलं, तर म्हणे तुला काय करायचंय नावाशी. दार उघडायचंय, म्हटलं. ठेवला त्याने. दुसरा म्हणतो, "आत्ता रिकामी आहेस का?" — जशी काही मी टॅक्सी!

नवीन होते तेव्हा राग यायचा. आता त्याची चाळणी केली आहे. जो फोनवर धड बोलत नाही, तो खोलीत काय धड वागणार.

शेवटचा फोन बाईचा होता. बायका शिव्या द्यायलाच फोन करतात, म्हणून मी तयारीत. ही म्हणाली, "नमस्कार. माझ्या नवऱ्यासाठी वेळ हवी होती."

नाही म्हणून सांगितलं. ज्याला यायचंय त्याने स्वतः विचारावं.

४ मार्च, बुधवार

परत तीच. परत नाही.

५ मार्च, गुरुवार

आज ऐकून घेतलं. काही वर्षं झाली, ती अंथरुणाला खिळली आहे. कमरेखाली काहीच कळत नाही. नवरा मास्तर. दिवसा शेजारीण असते. शाळा सुटली की सगळं तोच करतो. अंघोळ, कपडे, जेवण. रात्री उठून उठून तिची कूस बदलतो. आणि कधी चिडत नाही. "चिडला असता तर बरं झालं असतं हो," म्हणाली.

त्याच्या वाट्याला काहीच उरलेलं नाही, असं तिच्या मनाने घेतलंय. म्हणून कुठून कुठून माझा नंबर काढला.

विचारलं, त्याच्या कानावर घातलंत का? अजून नाही, म्हणाली.

मग मीच जरा कडक बोलले. ताई, इथे कुणाला आणून सोडता येत नाही, म्हटलं. त्याचा त्याने फोन केला तर बघू.

फोन ठेवल्यावर जेवण गेलं नाही.

९ मार्च, सोमवार

मास्तरांचा फोन! पहिलं वाक्य — "बायकोने सांगितलं म्हणून करतोय." आजवर ऐकलं ते 'बायकोला कळता कामा नये'. हे प्रथमच.

नाव सांगितलं. मला कोणती वेळ सोयीची, तेही विचारलं. गुरुवारी दुपारी, शाळा सुटल्यावर ये म्हणायचं होतं, तोंडून 'या' आलं.

१२ मार्च, गुरुवार

आला. बूट बाहेर काढले, मोज्याचं भोक दुसऱ्या पायाखाली लपवलं. खुर्चीच्या अगदी कडेला बसला, जणू मुलाखतीला आलाय. पाणी दिलं ते घटाघटा प्यायला.

मग जमिनीकडे बघत बोलला. त्याला काही नकोय. पण घरी रोज हाच विषय. स्वतःला दोष देऊन देऊन ती अर्धी झालीय. तेव्हा तो दर गुरुवारी येईल, थोडा वेळ बसेल, जाईल. तिने मला कधी विचारलंच तर मी हो म्हणायचं.

नवऱ्यांसाठी बायकांशी खोटं बोलणं मला नवं नाही. पण ते खोटं नेहमी 'नाही' असतं. नाही हो, इथे कुणी आलं नाही. 'हो'चं खोटं कुणी मागितलं नव्हतं.

कबूल झाले. चहा टाकून बाहेर येते तो हा बसल्या जागी झोपलेला. तोंड उघडं, मान एका बाजूला. दोन्ही कप मीच प्यायले.

१९ मार्च, गुरुवार

आज सरळ पलंगावर पाठवलं. मी बाहेरच्या खोलीत ब्लाउजची बटणं लावत बसले. वेळ संपली म्हणून खांद्याला हात लावला, तर ताडकन उठला — "हो, हो, वळवतो." मग मी दिसले. ओशाळला.

पुरुषांचे सगळे चेहरे बघून झालेत असं मला वाटायचं.

२० मार्च, शुक्रवार

जुन्या गिऱ्हाइकाने गुरुवारची दुपार मागितली. चांगला माणूस आहे. तरी जागा नाही म्हटलं.

२६ मार्च, गुरुवार

आला, झोपला, गेला. जाताना चादर ओढून ठेवतो. किती सफाईने!

३० मार्च, सोमवार

तिचा फोन. "तो तुमच्याकडे... बरा असतो ना?"

ठरल्याप्रमाणे हो म्हटलं.

म्हणाली, दिसतंच ते. गुरुवारी घरी येतो तेव्हा चेहरा कसा हलका झालेला असतो. हेच हवं होतं मला. आणि रडायला लागली. शेजारच्या खोलीत माणूस असताना रडतात तसं, आवाज गिळून.

रडणारा फोन मी लगेच ठेवते. आज जमलं नाही. शब्द मोडला.

"ताई, तो इथे झोपतो. नुसता झोपतो. मी बाहेरच्या खोलीत असते."



"झोपतो?"

"घोरतो."

बरं वाटेल तिला, असं मला वाटलं होतं. ती भडकली. दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत, म्हणाली. मी काय काय डोळ्यांपुढे आणत पडून राहायचे, तुम्हाला कल्पना आहे का? आदळला फोन.

तिचं बरोबर आहे. मास्तरांचंही बरोबर असणार, कळेल तेव्हा. गिऱ्हाइकाची गोष्ट मी बाहेर जाऊ दिली.

आणि हेही लिहून ठेवते. गुरुवार हातचा जाणार, हे बोलतानाच कळत होतं. त्या गुरुवारची मी वाट बघायला लागले होते. या कामात ते परवडत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

आला नाही. संध्याकाळपर्यंत दुसरं कुणी घेतलं नाही.

५ एप्रिल, रविवार

तिचा फोन. इतकी हळू बोलत होती की आधी ओळखलंच नाही. रात्रीसाठी बाई ठेवलीय, म्हणाली. मास्तरांशी खूप भांडली, तेही तिच्याशी भांडले, पहिल्यांदाच. मग म्हणाली, "जोरात बोलता येत नाही हो. तो इथेच झोपलाय, माझ्या शेजारी."

मीही आवाज खाली केला.