बोटभर वर

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
९ ऑक्टोबर २०२५

ती. आईंना ज्योत्स्नाचा नमस्कार.

इथे सगळे ठीक. हे रोज सकाळी फोपनारला वावरात येतात, तेव्हा आमची खबर तुम्हाला मिळतेच. तरी पत्र लिहिते आहे. फोन केला की तुम्ही ‘बरं आहे’ म्हणून तो शेजारच्या कोकिळाताईंच्या हाती देता. पत्रही त्याच वाचून दाखवतील. कोकिळाताई, मधलं काही गाळू नका.

कपड्यांच्या दुकानात मला साड्यांचा विभाग मिळाला. दिवाळीपर्यंत मी सांभाळायचा, जमला तर कायम माझा. मॅनेजर भूपेंद्रजींनी सगळ्यांसमोर सांगितलं. पल्लवी, माझ्यासोबत काम करते ती, टाळ्या वाजवत म्हणाली, “देखो, केलेवाली इनचार्ज बन गई.”

केलेवाली हे नाव का पडलं, ते सांगते. पहिल्याच आठवड्यात मला कुर्त्या लावायला दिल्या. मी गेल्या वर्षीच्या कुर्त्या दाराशी टांगल्या आणि नव्या मागे सारल्या. आपल्याकडे केळीचा पिकलेला माल आधी निघतो, कच्चा थांबतो. दुसरं काही मला सुचलंच नाही. भूपेंद्रजी दाराशी उभे राहून बघत राहिले. मग म्हणाले, “ज्योत्स्ना जी, ये केला नहीं है. कल काला नहीं पड़ेगा.” सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन मात्र जेवले नाही.

दुसऱ्या दिवसापासून चहाच्या सुट्टीत पल्लवीकडून एकेक शब्द शिकू लागले. शब्द इंग्रजी, पण समजायला केळीच कामी आली. भाव उतरवून माल काढायचा, त्याला मार्कडाउन म्हणतात. गाडी चुकलेल्या मालाचं आपण तेच करतो. एका डिझाइनची लहान ते मोठी सगळी मापं मिळून साइज सेट. मधलं माप संपलं की सेट तुटला. मधलं केळं तोडलेली फणी कोण घेतं? कपडा कडेने न टांगता समोरून दिसेल असा टांगला की तो फेस-आउट. आणि आत पाऊल टाकताच नजर जिथे जाते ती जागा फोकल पॉइंट. तिथे पुतळा असतो. त्याला साडी नेसवायची.

विभाग मिळाला तो या पुतळ्यामुळे.

बाकीच्या मुली आधी निऱ्या घालायच्या, मग उरेल तसा पदर. साडी सुटायची, मग टाचण्यांवर टाचण्या. मी पदर आधी लावला आणि निऱ्या नंतर घेतल्या, जमिनीपासून बोटभर वर. भूपेंद्रजींनी विचारलं, “किसने सिखाया?” मी म्हटलं, “मेरी सास ने.”

लग्नानंतरच्या पहिल्या हळदीकुंकवाला तुम्ही सगळ्या बायकांसमोर माझ्या निऱ्या सोडल्या होत्या. आठवतं? “निरी जमिनीला टेकली की बाई अडखळते,” म्हणाला होतात. तेव्हा मला राग आला होता. आता रोज पुतळ्याच्या पायाशी बसून बोट लावून बघते.

पोळ्याला तुम्ही म्हणालात ते मी इथे लिहिणार नव्हते. “वावरात वाकनं अलग. परक्याच्या दारात उभं राहून ‘या, या’ करनारी आपल्या घरात कोनी झाली नाही.” आपण पुरणपोळी खाल्ली आणि आम्ही इकडे निघून आलो. तेव्हापासून तुम्ही माझ्याशी बोलत नाही, हे कोकिळाताईंनाही माहीत आहे. वाचताना थांबू नका, ताई.

गेल्या शनिवारी तुम्ही दोघी बाजाराला आला होतात. आमच्या दुकानाच्या काचेसमोर थांबलात.

मी तुम्हाला रस्ता ओलांडतानाच पाहिलं. हातातले हँगर ठेवले आणि ट्रायल रूमच्या पडद्यामागे गेले. पल्लवी विचारत होती, “किससे छुप रही है?” पडद्याच्या फटीतून बघत होते. तुम्ही पुतळ्याकडे बघितलं. मग खाली वाकलात. काचेला हात लावून निऱ्यांचा काठ बघितला, तोच, जमिनीपासून बोटभर वर. कोकिळाताईंना काहीतरी म्हणालात. काचेतून मला ऐकू आलं नाही.

मग तुम्ही आत बघितलंत. कोणाला शोधत होतात, ते मला माहीत आहे.

आई, मला लाज वाटली म्हणून मी लपले नाही. दाराशी उभी राहते, ‘या’ म्हणते, आणि त्यात मला काही कमी वाटत नाही. भीती एवढीच होती की मला बघून तुम्ही त्या निऱ्यांवरची नजर काढाल. एकदा तरी तुम्ही माझं काम बघावं, मला बाजूला ठेवून, असं वाटलं. ते तुम्ही बघितलंत. तेव्हापासून माझी मान ताठ आहे. फक्त काय म्हणालात, ते कळलं नाही.

येत्या शनिवारी पुतळ्याला दिवाळीची साडी नेसवते आहे. हिरवी, रुंद काठाची. भूपेंद्रजींनी निवड माझ्यावर सोडली.

काचेबाहेरून सगळं दिसत नाही. पदराची घडी आतूनच कळते. तुम्ही या. या वेळी मी पडद्यामागे जाणार नाही. दाराशी उभी असेन आणि तुम्हालाही ‘या’ म्हणेन, सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणते तसंच. चुकलं असेल तर निऱ्या सोडा. सगळ्यांसमोर सोडा.

तुमच्या हाताखाली शिकलेली,
ज्योत्स्ना