तारखेची गाडी

पांडेसरा, सुरत
१६ नोव्हेंबर २०२४

ती. उखादादास,
धाकट्या प्रमिलाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच भरतोस, म्हणून लिहायला बसले. यंदा भाऊबीजेला आले नाही, राग धरू नकोस. मिलमधल्या कापडाच्या ताक्यांच्या चोरीत माझ्या भूपेंद्रचं नाव आल्यापासून जेल आणि कोर्ट यापलीकडे मी कुठे गेलेलीच नाही. वकील सुषमाबेन जामिनाची खटपट करताहेत.

परवा त्याची तारीख होती. पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, असं जजसाहेबांनी विचारलं. तो नाही म्हणाला. तेवढंच जरा बरं वाटलं. पण तुझा भाचा आता मोठा साहेब झालाय बरं का! व्हरांड्यात मी समोर उभी, तरी पाया पडला नाही. ताठ उभा राहिला. जामिनाला उशीर होतोय म्हणून माझ्यावरच रुसलाय. मलाही राग आला, दशम्यांचा डबा तसाच परत आणला. आता चुटपुट लागून राहिली आहे.

वहिनींना नमस्कार. या बहिणीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
प्रमिला

अमळनेर
२१ नोव्हेंबर २०२४

चि. प्रमिलास,
अनेक आशीर्वाद.

कान गेले असतील, डोकं अजून शाबूत आहे. पत्र दोनदा वाचलं. अगं, सुटलेली एसटी थांबवून, खाली उतरून पाया पडणारं पोरगं ते. रुसलं तरी आधी पाया पडेल आणि मग रुसेल. ते वाकलं नाही, कारण त्याला वाकता येत नसणार. त्याला मारलंय, प्रमिला.

आई घाबरेल म्हणून तो तुला काही सांगायचा नाही. कोर्टातही बोलायचा नाही. तू सुषमाबेनना सांग, आणि वेळ पडली तर स्वतः उभी राहा. आपल्याला तिथे कोण विचारतं, असं म्हणून गप्प बसलीस तर पोरगं हातचं जाईल.

त्याच्याइतकाच तुझाही घोर आहे. दोन घास वेळेवर खात जा. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
उखादादा

पांडेसरा, सुरत
२९ नोव्हेंबर २०२४

ती. उखादादास,
शि. सा. न.

तुझं खरं निघालं.

काल जजसाहेबांनी तोच प्रश्न विचारला आणि भूपेंद्रने पुन्हा नाही म्हणून मान हलवली. सुषमाबेन उठायच्या आतच मी उभी राहिले. आधी आपल्या अहिराणीतच बोलून गेले, मग मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले की साहेब, याचा सदरा काढून बघा. भूपेंद्र मला डोळ्यांनी गप्प राहा म्हणत होता. साहेबांनी सदरा काढायला लावला. त्याची पाठ, दादा, मला लिहवत नाही. जुन्या वळांवर नवे वळ.

मग तो बोलला. तारखेला जेलमधून आणताना दोघे पोलीस त्याला आधी चौकीवर नेतात आणि चोरीतले साथीदार सांग म्हणून पट्ट्याने मारतात. चोरीच केली नाही, तर साथीदार कुठून आणणार तो? त्या दोघांची नावंही त्याने सांगितली. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, दवाखान्यात नेऊन तपासायचा हुकूम केला. सुषमाबेननी माझा हात दाबला. मला वाटलं, सुटलं पोरगं.

बाहेर आले तर गाडी तीच, आणि पोलीसही तेच दोघे. दवाखान्यात तेच नेणार होते. सुषमाबेन धावत आत गेल्या, पण साहेब उठून गेले होते. त्यातल्या एकाने मला मासी, जरा बाजूला व्हा, म्हणून नीट सांगितलं आणि भूपेंद्रचा दंड धरून त्याला वर चढवलं.

फार थकले आहे. मी गप्प बसले नाही, दादा. आता काय करू, ते तूच सांग.

लोभ आहे, तो राहू दे.

तुझी,
प्रमिला