पुसलेला लाल रंग

पुलगाव, दसऱ्यानंतरचा बुधवार, १९५५

खंडेनवमीच्या पूजेसाठी मिस्त्रीकाकांनी कारखान्यातली सगळी मापं चिंचेने घासली, आणि यंत्राच्या दांड्यांची जाडी तपासायच्या दोन कड्यांपैकी झिजलेलीवरचा लाल रंगही काढून टाकला. ती बाद आहे, तिने दांडे तपासायचे नाहीत, हे त्या रंगावरूनच कळायचं!

"पूजेत डाग कसा ठेवू, बाई? मले ओळखू येते नं!" म्हणाले, आणि बाद कडी म्हणून एक उचलली. मी पाठीमागे कड्यांची अदलाबदल करून पुन्हा विचारलं. तितक्याच खात्रीने त्यांनी दुसरी उचलली.

सोमवारी मी दांडे कोणत्या कडीने पास केले? लाल रंग दिसला नाही, म्हणून चांगलीच समजले. ते देवळीच्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या यंत्रात बसलेही. झिजून सैल झालेल्या कडीतून जाड दांडाही जातो, आणि तसा बसला असेल तर बेअरिंग तापेल. भोवती कापूस, माणसं. आणि यंत्र उद्या सुरू होणार.

यंत्र थांबवा म्हणून सांगितलं, तर मालक हसले. "ग्रॅज्युएट बाई, काऊन घाबरून राह्यल्या?"

नोकरी गेली तर बाबांना काय सांगू? तरी उद्या पहिल्या बसने देवळीला जाणार. कोणता दांडा वाईट, असं तिथे विचारतील. मला सांगता येणार नाही. सगळेच काढा, एवढंच म्हणेन.