शिक्षेस पात्र राहीन

मुळशी,
सोमवार

प्रिय सुधीर,

‘प्रिय’ लिहिताना माझा हात अडखळला नाही, याचं तू काही वाटून घेऊ नकोस. हा शब्द मी वर्षाला दोन-तीनशे वेळा लिहिते. माझ्या कादंबऱ्यांतली माणसं एकमेकांना उठसूट पत्रं पाठवत असतात. त्यांना लागतो तो, म्हणून तुलाही घातला.

तुझं पत्र शनिवारी कुरियरनं आलं. जाड कागद, तीन पानं, प्रत्येक पानावर कोपऱ्यात तुझा रंगीत फोटो आणि त्याखाली ‘सामाजिक कार्यकर्ते’. लेटरहेडवर प्रेम व्यक्त करणारा पुरुष मला एकतीस कादंबऱ्यांत सुचला नव्हता, हे कबूल करते. पहिल्या पानावर तू लिहितोस, की माझ्या नऊ कादंबऱ्या तू वाचल्यास आणि नऊही नायकांमध्ये तुला तूच दिसलास. दुसऱ्या पानावर, पल्लवीची आई जाऊन तीन वर्षं झाली, तू एकटा, मी एकटी, तेव्हा ‘आपलं अर्धवट राहिलेलं प्रकरण’ आता पुरं करू या. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, अगदी जाता जाता आठवल्यासारखं, खरं काम. तुझ्या लेकीनं, पल्लवीनं, सौरभशी लग्न करायची नोटीस दिली आहे. तिला तू घराबाहेर काढलंस, ती हिंजवडीत कुठल्याशा मैत्रिणीच्या खोलीवर राहते, तुझा फोन घेत नाही. पण ती माझ्या पुस्तकांची वेडी आहे, तेव्हा मी तिला समजवावं. ‘डोंगरातली माणसं आपल्या उंबऱ्यात शोभणार नाहीत, हे तुझ्यासारख्या लेखिकेनं सांगितलं तर तिला पटेल.’ तुझंच वाक्य आहे. मी त्यातला एक शब्द बदललेला नाही.

त्याचं उत्तर देतेच. पण आधी तुझ्या नायकपणाचं बघू, कारण ते मला जास्त झोंबलं आहे.

मी कादंबऱ्या कशा लिहिते, याची तुझी कल्पना फार रम्य दिसते. धरणाचं पाणी, खिडकी, धुकं, आणि खिडकीत मी, तुझ्या आठवणीत. खिडकी आहे. तिच्यासमोर पाण्याच्या आधी शेजाऱ्यांचा गोठा आहे. सकाळी सहाला चहा घेऊन मी ओट्याशेजारच्या टेबलावर बसते आणि दहापर्यंत हातानं लिहिते. मग केर, भांडी, कपडे. प्रकाशकाचा फोन आला तर नायिकेचं वय दोन वर्षांनी कमी करते. मंगळवारी आणि शुक्रवारी लिहिलेली पानं पिशवीत घालून एसटीनं पौडला जाते. तिथे तहसील कचेरीसमोर शबनूरचं टायपिंगचं दुकान आहे. दोन संगणक, एक झेरॉक्स, बाहेर बाकडं. दिवसभर ती लोकांची प्रतिज्ञापत्रं आणि वारसनोंदीचे अर्ज टाइप करते आणि मधल्या फटींत माझं प्रेम. मी बाकड्यावर बसून तपासते. एकीकडे कुणीतरी नावातला बदल सांगत असतो, दुसरीकडे माझी नायिका मूर्च्छित पडत असते.

आता ज्या वाक्यावर तू अर्धं पान खर्च केलंस, त्याचा जन्म ऐक. नायकाच्या पत्राचा तो शेवट, ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर असून तो खोटा आढळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.’ त्या एका वाक्यावर मला दोनशेच्या वर पत्रं आली. मुली लग्नपत्रिकांवर छापतात म्हणे. तू लिहितोस, की हे वाक्य तू मला धरणाच्या काठावर म्हटलं होतंस आणि मी ते इतकी वर्षं जपलं, हे वाचून तुझे डोळे भरून आले. डोळे पूस. त्या दिवशी शबनूरनं सकाळपासून अकरा प्रतिज्ञापत्रं टाइप केली होती. बारावं काम माझ्या नायकाचं पत्र. पत्र संपलं, खाली सहीची जागा आली, आणि सवयीनं तिचा हात पुढे चालत राहिला. माझ्या तपासण्यातून ते निसटलं आणि छापून आलं. पुस्तक हातात पडल्यावर मी डोक्याला हात लावला, तर शबनूर म्हणाली, “जाऊ द्या वो बाई. निदान एक तरी बाप्या लिहून देणारा निघाला.” तुझ्या तोंडचं वाक्य म्हणे! तू आयुष्यात कुणाला काही लिहून दिलं असशील, तर त्यावर तुझी सही नसेल याची काळजी घेऊनच.

आणि तो मासा. पंचतारांकित हॉटेलात नायक बोलता बोलता नायिकेच्या ताटातल्या माशाचे काटे काढून देतो, त्या प्रसंगावरून तुला आपलं ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या ढाब्यावरचं जेवण आठवलं. मलाही आठवतं. दोन तुकडे आले होते आणि दोन्ही तू खाल्लेस. काटे काढणारा माणूस निराळा आहे. त्याचं नाव कोंडीबा. ताम्हिणीच्या वरच्या अंगाला, एका वाडीत राहतो, जन्मभर मजुरी केली, हंगामात करवंदं आणि मध विकतो. त्याची बायको भिमाबाई हिचे दात गेले आणि डोळ्यांना कमी दिसतं. मी मधासाठी गेले होते, तर म्हातारा तिच्या ताटलीशी उकिडवा बसून काटा न् काटा वेचून बाजूला ठेवत होता आणि तोंडानं शिव्या चालू होत्या. “मासाच पायजे हिला. लई मिजास म्हातारीची. उद्या म्हणंल, चावूनबी तूच दे.” त्यावर भिमाबाई म्हणाली, “मग दे की. तुजं तोंड रिकामंच हाय, नुसतं बडबडाया.” मी घरी येऊन शिव्या काढून टाकल्या, कोंडीबाला सूट घातला आणि हातात काटाचमचा दिला. माझा धंदा हा असा आहे. चांगली माणसं बघायची आणि त्यांना श्रीमंत करून विकायचं. त्याची लाज मला वाटते. मात्र तो नायक तू आहेस असं कुणी समजावं, याची त्याहून जास्त वाटते.

हो, एका गोष्टीचं श्रेय तुला देते. माझा नायक शेवटच्या प्रकरणात येतो आणि नेहमी उशिरा येतो. बोहल्यावर, विमानतळावर, एकदा तर शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी. शबनूर एकदा वैतागून म्हणाली, “बाई, ह्यो दरखेपेला शेवटालाच कसा वो येतो? घड्याळ न्हाई का त्याला?” मी हसले आणि मग बाकड्यावर बसून एकेका पुस्तकाचा शेवट बोटांवर मोजू लागले. एकतीस वेळा मी त्या एका माणसाला धरून ओढून आणलं होतं, आणि ते मला एका टायपिस्ट मुलीनं सांगावं लागलं.

त्या दिवसाला तू पत्रात ‘दुर्दैवी योगायोग’ म्हणतोस. आपणही नोटीस दिली होती, सुधीर. तीस दिवस ती बोर्डावर लागली होती. एकतिसाव्या दिवशी अकरा वाजता मी पुण्यात विवाह नोंदणीच्या त्या कचेरीत पोचले, दोन मैत्रिणींना साक्षीला घेऊन. तिसरा साक्षीदार तू आणणार होतास. चारपर्यंत मैत्रिणी माझ्याशी मुद्दाम इकडचं तिकडचं बोलत होत्या. साडेचारला तुझा मित्र चंद्रकांत आला, घामानं निथळत. “वहिनी, अप्पांच्या छातीत दुखतंय, दवाखान्यात नेलंय. सुधीरला निघता येत नाही.” वहिनी म्हणाला तो मला. तेवढ्या एका शब्दावर मी त्याचं सगळं खरं मानलं आणि दुसऱ्या दिवशी फळं घेऊन त्या दवाखान्यात गेले. तुझे अप्पा तिथे दाखलच नव्हते. आठवड्यानं ते मला हिंजवडीजवळच्या माणच्या रस्त्यावरून दिसले, जमीन मोजायला आलेल्या लोकांपुढे बांधावरून तरातरा चालताना. त्यांना माझी जात चालत नव्हती, हे मला माहीत होतं. तुलाही चालत नाही, हे माहीत नव्हतं. तू स्वतः येऊन तोंडावर सांगितलं असतंस, तर मी रडले असते आणि विसरले असते. पण तू दुसऱ्याला पाठवलंस, तेही खोटं घेऊन. आज लेकीच्या वेळी तू मला पाठवू बघतोस. पद्धत तीच आहे, फक्त चंद्रकांतच्या जागी मी.

तर आता पल्लवीबद्दल. मी तिला फोन करणार नाही, कारण ती माझ्याकडेच आहे. आज एकोणीस दिवस झाले. नोटिशीसाठी प्रतिज्ञापत्र करायला ती आणि सौरभ शबनूरकडे आले, तो मंगळवार होता आणि मी बाकड्यावर होते. ती मागाहून आली, तो अर्धा तास आधीच येऊन उभा होता. शबनूरनं मान वर न करता मला सांगितलं, “बघून घ्या बाई, ह्यो येळेच्या आधी आलाय. लिवा कुटंतरी.” मी त्याला घर विचारलं, तर तो कोंडीबाचा नातू निघाला. तुझ्याच चाळीत चौदा नंबरच्या खोलीत तीन वर्षं राहिलेला, तुझी पाण्याची मोटर बंद पडली की तू ज्याला रात्री-अपरात्री हाक मारायचास, तो. मोटर चालवून देईपर्यंत त्याचं डोंगरातलं असणं तुझ्या उंबऱ्याला खुपत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तू तिला घराबाहेर काढलंस, आणि ती पिशवी घेऊन माझ्या दारात आली. तुझी मुलगी म्हणून मी तिला आत घेतलं नाही. खरं सांगायचं तर तुझी मुलगी असूनही घेतलं.

मी तिला तपासलंही, हे तुला सांगायला हवं. मला वाटलं, माझी पुस्तकं वाचून बिघडलेली पोर असेल, सौरभला सूट घालून बघत असेल. मी म्हटलं, त्याच्या घरी चूल आहे, पावसात चार महिने वाट बंद असते, सासू-सासऱ्यांची बोलीसुद्धा तुला धड कळणार नाही. ती म्हणाली, “माहितीये मावशी. मी जाऊन राहून आलेय तिथे. भिमाआजी मला दोन दिवस ‘मास्तरीणबाई’ म्हणून चिडवत होती आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, आता भाकर कर.” भाकरी कशी झाली, विचारलं, तर म्हणाली, “कोंडीबाआजोबा म्हणाले, हिच्यापेक्षा चप्पल मऊ असती.” आणि खो खो हसली. तिला काय समजवायचं होतं, सुधीर? ती माझ्या एकाही नायिकेसारखी नाही. मला याचा इतका आनंद झाला, की त्या सकाळी मी एक ओळ लिहिली नाही.

तुझं पत्र शनिवारी कुरियरवाल्याकडून तिनंच घेतलं. पाकिटावर तुझा फोटो होता, तिला वाटलं तुला तिचा पत्ता लागला आणि पत्र तिलाच आहे. तिनं ते फोडलं आणि तिन्ही पानं उभ्यानं वाचली. मग माझ्या टेबलावर ठेवून म्हणाली, “हे तुमचं आहे,” आणि गोठ्याकडे जाऊन उभी राहिली. माझ्याविषयीचं वाचलं, डोंगरातल्या माणसांविषयीचं वाचलं. तिची स्वतःची खुशाली त्या तीन पानांत कुठे विचारलेली नव्हती, तेही वाचलं.

गुरुवारी अकरा वाजता लग्न आहे. कचेरी तीच, बोर्ड बदललाय. साक्षीदार तीन लागतात. एक कोंडीबा; त्याला अंगठा द्यायचा नाही, म्हणून महिनाभर पाटीवर स्वतःचं नाव गिरवतोय. दुसरी मी. तिसरी म्हणून शबनूर स्वतःच्या आधारकार्डाची झेरॉक्स काढून तयार आहे, पण पल्लवीनं ती जागा तुझ्यासाठी ठेवली आहे. मी तिला सगळं सांगितलं, तो दिवस, चंद्रकांत, फळं, काही लपवलं नाही. म्हटलं, तो येणार नाही, ज्या वयात यायला हवं होतं त्या वयात आला नाही. ती शेवटपर्यंत ऐकून म्हणाली, “ते तुमच्यासाठी आले नाहीत, मावशी. मी त्यांची मुलगी आहे. तुम्ही एकदा लिहून बघा, तुमचं ऐकतील.” म्हणून हे पत्र. तिची अट होती की गोड लिहायचं, ते मला जमलं नाही. बारा वाजेपर्यंत थांबायचं तिनं ठरवलं आहे, त्यानंतर शबनूर सही करेल. तेव्हा तू न आल्यानं लग्न अडणार नाही, ती सत्ता तुझ्या हातात राहिलेली नाही. मी तिथे सही करायला येणार आहे; तुला समजवायला, माफ करायला किंवा ते राहिलेलं प्रकरण लिहायला नाही. माझ्याशी तू एक शब्दही बोलायचं कारण नाही. मला तुझी वाट बघायची नाही. ती बघेल, आणि तो तासभर दाराकडे वळणारी तिची मान मला शेजारी बसून पाहावी लागेल. ओळखपत्र घेऊन ये.

पल्लवीकडची साक्षीदार,
शैलजा