उपडी टोपली

प्रिय भाविका,

प्रिय म्हणावं असं तुझं वागणं नाही, पण शाळेत पत्र असंच शिकवलं होतं आणि शाळा माझी तिसरीतच संपली, तेव्हा दुसरं काही येत नाही. फोन केला की तू मध्येच मीटिंग आहे म्हणतेस. कागदाला मीटिंग नसते. तिकडे नागपुरात म्हणे बर्फातला बांगडा खातेस. खा. पोटात गेल्यावर त्यालाही कळत नसेल आपण कुठले ते.

बातमी अशी की बेलापूरचा हापिसांचा सगळा भाग नव्याने सजवणार आहेत. फुटपाथ केवढे, झाडं कुठली, बाकडी कुठं, ह्याचे नियम लिहितायत, आणि लोकांनी येऊन काय पाहिजे ते सांगावं म्हणून हॉलमध्ये बोलावलं. दुकानाचा बोर्ड किती उंच असावा हे ठरवायला माणसं पगार घेतात, हे मला ह्या वयात कळलं. दिवाळे गावच्या आम्ही मासेवाल्या सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या खुर्च्यांवर बसलो. मागे बसलेल्या साहेबांना वास आला असेल तर आला.

टेबलावर हे मोठं चित्र. मी त्याच्यासमोरून बराच वेळ हललेच नाही. रस्ता आमचाच, स्टेशनकडून येणारा, पण चित्रातल्या एकाही माणसाच्या हातात पिशवी नाही. ही माणसं जेवतात काय? एकजण कुत्रा घेऊन चाललेला. तो कोण, कुठं चाललाय, असं मी तिथल्या पोरीला विचारलं. गीतांजली नाव तिचं, तुझ्याच वयाची, चष्मेवाली. म्हणाली, आजी, तो नुसता दाखवायला ठेवलाय. मी म्हटलं, मग आम्हाला पण दाखवायला ठेव. हसली. पोरगी वाईट नाही, जरा जेवायला पाहिजे तिला.

तिने चिकटवायचे हिरवे ठिपके दिले. रस्त्यावर जिथं बसता तिथं, चित्रावर प्रत्येकीने एक लावा म्हणाली. राजाबाईने आधी कपाळालाच लावून बघितला. मग लावले आम्ही ठिपके, ज्या आल्या त्यांचे आणि ज्या आल्या नाहीत त्यांचेही. एक लेकीच्या बाळंतपणाला गेलीय, एकीचा पाय मोडलाय, म्हणून काय त्यांची जागा गेली? गीतांजलीने बघितलं तर बाया कमी आणि ठिपके जास्त. एकेक विचारत माझ्या शेजारच्या ठिपक्यावर आली. ही कोण? राजाबाई म्हणाली, "ती नमिता. हिची, गोजराची सून. मरून तीन वर्सां झाली."

पोरीने सॉरी म्हणून हळूच ठिपका काढायला नख लावलं, तर राजाबाईने तिचं मनगटच धरलं. "ए बाय, हात नको लावू. दुसऱ्याची टोपली आमी उचलत नाय." मग तिला सगळं सांगावं लागलं. बाई आली नाही तर तिच्या जागेवर टोपली उपडी ठेवायची. ती कोणी हलवत नाही. तिच्या घरातलं माणूस येऊन एकतर सुलटी करून धंद्याला बसतं, नाहीतर उचलून घरी नेतं आणि जागा मोकळी होते. तुझ्या आईची टोपली अजून तिथंच आहे. दोन पावसाळ्यांत तळ कुजला, तो मी बांधून घेतला.

पोरीने ते सगळं लिहून घेतलं. मग तिने नेमकं विचारलं. आजी, तुमच्यासाठी ओटा, नळ, सावली असं नियमात लिहिलं तर ते पुढची वीस वर्षं राहणार. ह्या जागेवर तुमच्या घरातलं कोण बसणार? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मला कोणी गप्प केलेलं तुला आठवतंय का? मलाही नाही. पण गप्प बसले. त्या ठिपक्याशेजारी तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं. येत्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पुन्हा बोलावलंय, तेव्हा पक्कं होणार.

राजाबाईच्या सुनेला ती जागा पाहिजे. मला विचारून झालं तिचं, लाजत लाजत. हात चलाख आहे तिचा, कोलंबी सोलते तर बघत राहावं. बसली तर माझं काही वाईट होणार नाही, झाली तर बडबडीला सोबतच.

तू मासे विकायला बसावंस असं मी म्हणत नाही. तुला सुरमई आणि घोळ ओळखता येत नाही, गिऱ्हाईक हसेल. पण मला खरंच कळत नाही तुझ्या मनात काय आहे, म्हणून विचारते. तेराव्यानंतर तू इकडे फिरकली नाहीस. बाजाराच्या बाजूने जायला नको म्हणून येत नसशील, असं मला वाटतं. चूक असेल तर सांग.

त्या शुक्रवारच्या आधी ये. टोपली सुलटी कर नाहीतर उचल, मी एक शब्द बोलणार नाही. माझ्याच्याने उचलवत नाही म्हणून नव्हे. मी सासू, ती तुझी आई. मान तुझा आहे, आणि ते काम फोनवरून होत नाही.

वाट बघत नाही, धंद्यावर असते.

तुझीच,
आजी गोजरा