एका बोटानं सरकणारं दार

सोमवार, २ डिसेंबर

पोचलो एकदाचा. ट्रंक, वळकटी, नकाशांची नळी आणि साबणाची पेटी, सगळं धड पोचलं. कारखान्याचे फोरमन स्वतः स्टेशनवर घ्यायला आले होते. माणूस हसरा आणि बोलका, पण त्याची नखं बघवत नाहीत. हात मिळवला आणि लगेच खिशात रुमाल चाचपला. त्यांच्या लक्षात आलं नसावं.

राहायची जागा पाहून मात्र मनापासून हसलो. मालगाडीचे डबे बांधणाऱ्या कारखान्यात नोकरी धरली, तर राहायलाही डबाच! चाकं काढलेला जुना मालडबा स्टेशनामागच्या आवारात विटांच्या चौथऱ्यावर ठेवला आहे. आतून फळ्या ठोकून दोन खोल्या केल्या आहेत, एक खिडकी कापली आहे, आणि स्टोव्हला कोपरा आहे. इथला दंडकच तसा आहे. डब्याचं दार जो आखतो, त्यानं ते दार पास होईपर्यंत त्याच दारामागे राहायचं. रोज उघडझाप करणाऱ्यालाच दाराच्या खोडी कळतात, असं मोठ्या साहेबांचं म्हणणं. मला पटलं. दार पास झालं की गावात पक्कं घर मिळणार आहे.

माझ्याआधी जे दार आखायचे त्यांना इथे सगळे नुसतं 'आधीचे' म्हणतात. ते काम अर्धवट टाकून कुठे तरी निघून गेले म्हणे. त्यांच्या चपला अजून दाराशी आहेत. काठीनं उचलून बाहेर ठेवल्या.

महिनाअखेरीला ही आणि आमची लेक ठकी येणार. निघताना ही म्हणाली होती की तिकडे पाणी धुऊन पिऊ नका, लोक हसतील. आल्याआल्या फरशी दोनदा धुतली, हे तिला कळवणार नाही.

बुधवार, ४ डिसेंबर

काम झकास आहे. नेहमीचं सरकतं दार डब्याच्या बाहेरून लोंबतं. शेजारच्या रुळावर दुसरा डबा उभा राहिला की ते अडतं आणि माल भरणारे शिव्या हासडायला लागतात. आधीच्यांनी युक्ती काढली. त्यांनी डब्याची भिंतच दुहेरी केली. दार उघडायला ढकललं की ते दोन भिंतींमधल्या फटीत सरकत जातं, आणि बाहेर काही उरत नाही. हुशार माणूस. पण फट चार बोटं रुंद झाली, तेवढी मालाची जागा गेली. साहेबांना ती तीन बोटांची हवी आहे. दारही जड आहे, उघडताना खांदा लावावा लागतो.

आणखी एक भानगड म्हणजे आतल्या भिंतीला खाली वीतभर झडप आहे, फटीतला कचरा काढायला. तिची कडी आणि बिजागरी खोलीत पुढे येतात. तीही घालवायची.

थंडीनं ओठ फुटले होते. फोरमननी पिवळ्या मलमाचा डबा दिला. कारखान्यात सगळे टाचांना, हातांना, ओठांना हेच लावतात, दारांच्या चाकांनाही हेच घालतात. डब्याचं झाकण घट्ट होतं आणि आत कुणाचं बोट फिरल्याची खूण नव्हती, म्हणून लावलं. संध्याकाळपर्यंत ओठ लोण्यासारखे मऊ. काय आहे त्यात, ते फोरमननी सांगितलं नाही. घरचंच आहे, एवढंच म्हणाले.

शनिवार, ७ डिसेंबर

दाराच्या कडेला, फटीच्या तोंडाशी, फिकट पिवळा चिकटा आला आहे. चाकांचं वंगण ओघळलं असेल म्हणून फडक्यानं पुसलं. वंगणाचा वास ओळखीचा असतो, हा तसा नाही. न धुतलेल्या उशीच्या अभ्र्याला येतो तसा वास आहे. फडकं जाळलं, तर खोलीभर तोच वास. हात साबणानं धुतले, मग सोड्यानं, मग राखेनं.

रविवारी सकाळी पुन्हा तिथेच होता, कालच्यापेक्षा जाड.

शुक्रवार, १३ डिसेंबर

आज चिकट्यात केस निघाला. काळा, मुळाशी पांढरा, कलप लावणाऱ्या माणसाचा असतो तसा. चिमट्यानं ओढायला लागलो तर येतच राहिला, संपेचना. शेवटी कात्रीनं कापला आणि बाहेर जाऊन ओकलो.

आवार झाडणाऱ्या मावशी लांबून बघत होत्या. मी त्यांना फट साफ करायला सांगितलं. बाकी सगळं करीन, तेवढं सांगू नका, असं म्हणून त्या झाडू घेऊन चालू लागल्या. जाता जाता वळून एवढंच बोलल्या, "ते पुसत जाऊ नका साहेब. पुसलं की त्याला जोर येतो."

दूध तापवलं. वर साय धरली आणि सायीचा रंग बघून पातेलं तसंच मोरीत उलटं केलं. आता दूधही गेलं माझं.

मंगळवार, १७ डिसेंबर

आजचा दिवस आपला! नवी चाकं बसवली, आतली भिंत बाहेरच्या भिंतीकडे सरकवली. फट तीन बोटांची झाली. झडपेची कडी-बिजागरी काढून टाकली, वर पत्रा ठेवून रिव्हेट मारले. भिंत सपाट, नावालाही काही पुढे येत नाही. आणि दार? एका बोटानं सरकतं! फोरमन करंगळीनं उघडझाप करत राहिले, खेळणं मिळाल्यासारखे. मोठे साहेब येऊन गेले. महिनाअखेरीला पास करतो म्हणाले, पाठ थोपटली. त्यांच्या हातालाही ते मलम होतं. सदरा लगेच भिजत घातला.

हिला पत्र टाकलं. ठकीला सांग, दार बाबांनी तिच्यासाठी केलंय. बाहेरून कुणी हात लावायचा नाही, तीच उघडेल, एका बोटानं.

गुरुवार, १९ डिसेंबर

झडप बंद केल्यापासून वास वाढला आहे. आधी फटीच्या तोंडाशी होता, आता फळ्यांच्या सांध्यांतून येतो. पिवळं पाझरतं. भिंतीला घाम यावा तसं.

आज कडेला नख मिळालं. अख्खं. माणसाचं. अंगठ्याचं असावं, कारण रुंद आहे. त्याच्या खाली अजून काही तरी होतं, ते लिहवत नाही.

कागदात गुंडाळून फोरमनना दाखवायला नेलं. त्यांनी ते हातात घेतलं. उघड्या हातात. उलटंपालटं करून बघितलं आणि खिशात टाकलं.

रविवार, २२ डिसेंबर

दोन गोष्टी. एक, चमचा स्टोव्हमागे पडला. स्टोव्हचं कपाट आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हात जाईल एवढी जागा. मी खांद्यापर्यंत आत गेलो आणि चमचा घेऊन बाहेर आलो. मग लक्षात आलं की खांदा तिथे मावायला नको होता. आरशात पाहिलं, तसा मी मीच आहे. फक्त बरगड्यांवर हात फिरवला की त्या आत जातात. दाबल्या तर दबतात. आणि वर ओशट, कितीही धुवा.

दुसरी, कड पुसताना लग्नातली अंगठी बोटातून निसटली. आठ वर्षं साबण लावूनही निघत नव्हती ती. फटीत गेली. आत पडल्याचा आवाज आला नाही. मऊ काही तरी असावं तिथे.

हिला काय सांगू? तिची नजर आधी हातावरच जाते.

मंगळवार, २४ डिसेंबर

फोरमनना आज सोडलंच नाही. आधीचे कुठे गेले, कसे गेले, सगळं विचारलं. ते मलमाच्या डब्यात बोट घालून टाचेला लावत बसले होते आणि लावता लावताच सांगत होते, जसं हवापाण्याचं बोलावं.

आधीच्यांच्या घरचे यायचे होते. त्यांनाही माझ्यासारखीच स्वच्छतेची हौस. आदल्या दिवशी झडप उघडून फट साफ करत होते. त्यानंतर कुणी त्यांना पाहिलं नाही. सकाळी घरचे आले, दार ढकललं. पहिल्यांदा थोडं अडलं. मग असं छान सरकलं म्हणाले, असं छान, की साऱ्यांनी येऊन बघितलं. झडपेतून पिवळं वंगण यायला लागलं. बाजारात तसं मिळत नाही. तेव्हापासून डबे भरून ठेवतात, उपसत गेले तसं दार मात्र पुन्हा जड झालं.

मी विचारलं, म्हणजे हे, हे तुम्ही लावता आहात ते—

"घरचंच आहे," फोरमन म्हणाले.

मी तीन आठवडे ओठांना लावलं. जेवताना. जिभेनं चाटलंही असेल. लिहिणं थांबवलं की हात ओठांकडे जातो म्हणून लिहितो आहे. घशात बोटं घातली, काही उरलेलं नाही, तरी घालतो आहे. ओठ फडक्यानं घासून रक्त काढलं. रक्तातही तवंग दिसतो. किळस दुसऱ्याची असेपर्यंत बरी होती.

गुरुवार, २६ डिसेंबर

साहेबांकडे गेलो. दुसरी जागा द्या, धर्मशाळा चालेल, फलाट चालेल. दंडक सांगितला. दार पास होईपर्यंत दारामागे. परवाच तर पास करायचंय, असं म्हणून हसले. फोरमनही हसले. सगळ्यांच्या टाचा किती मऊ आहेत इथे.

ठरवलं. शनिवारी दुपारच्या गाडीनं दोघी येतात. स्टेशनवरच गाठायचं आणि तिथूनच परत फिरवायचं. नोकरी गेली खड्ड्यात. ठकीचा हात त्या दाराला लागता कामा नये.

शुक्रवार, २७ डिसेंबर

दार पूर्ण आत जात नाही. शेवटी बोटभर अडतं. मऊ अडतं. गादीवर दाबल्यासारखं. सोडलं की हळूच परत येतं.

पास होणार नाही अशानं. कसला विचार करतोय मी.

शनिवार, २८, सकाळ

सामान बांधलं. निघणार होतो. दार सरकेना. एका बोटानं नाही, खांद्यानं नाही. फटीतून कुणी तरी धरलं आहे. खिडकीतून अंग बाहेर काढायला गेलो तर गजांत डोकं— डोकं जातं, पण मग बरगड्या चेपतात, तिथेच अडकलो तर उलटा लटकेन. ठकीनं तसं बघायचं?

झडपेचे रिव्हेट छिनीनं उडवतो. अडलेलं बाजूला केलं की दार सुटेल. हात घालायचा तेवढा. अंगठीही तिथेच आहे.

हाताला पिशवी बांधली आहे. दोन.

नंतर

उघडली. आत पिवळं, भिंतीभर. हलतं. श्वास घेतल्यासारखं. बघवत नाही.

अंगठी दिसते. कोपरापर्यंत हात घातला. पिशवी निसटली. कोमट आहे. देवा, कोमट आहे— खांदा गेला. वीतभर झडपेतून खांदा जातो का? गेला. डोकं तिरकं केलं तर

नंतर

आत आहे. कसा ते विचारू नका. तीन बोटं पुरतात. मीच मोजली होती ना. वही फळीवर दाबून लिहितो, पेन्सिल बोटांत चपटी— नाही, बोटं चपटी.

अंगठी सापडली. बोटात राहत नाही.

झडप मागे राहिली. वळता येत नाही. पलीकडे आधीचे आहेत. तोंड नाही त्यांना, पण आहेत. केस माझ्या गालावर. मी पाय ओढला की तेही सरकतात. मला जागा करून देतात. अडथळा तेच होते. आता ते भिंतीला लागून, आणि दाराकडे मी—

दार सुटलं. किंचित हललं. आता अडणार नाही.

गाडीची शिट्टी. दुपारची.

स्टेशनवर मी दिसणार नाही. मग ती इकडेच येईल. आवार जवळच आहे. पत्ता मीच नीट लिहिला होता.

तोंड उघडलं की आत येतं. गोड लागतं. शी. शी. हाक मारता येत नाही. नखांनी फळी वाजवतो, तर नख राहिलं फळीवर.

आवाज. हिचा. हमालाला सांगते आहे, ट्रंक इथेच ठेवा. मला हाक मारली, अहो, आहात का आत? आहे ग. आत आहे.

दाराला हात लावू नको. मागे जा. दोघी मागे—

ठकी म्हणते, "आई, तू नको. बाबांनी मला सांगितलंय. मीच उघडणार."

नको. ठके नको. बाळ, बोट काढ— फळीतून ऐक, बाळ—

फोरमनही आले वाटतं. हसताहेत. डबा वाजला. मलमाचा, रिकामा.

सरकलं. अडलं नाही. जराही नाही. किती हलकं केलं मी हे दा