‘इतर’ची लांब पट्टी

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. मोठी बातमी करणाऱ्या माणसाने नोंदी ठेवाव्यात, पुढे पुस्तकाला उपयोगी पडतात.

बातमी अशी: शाळेच्या बसगाड्यांची दरवर्षीची ब्रेक-तपासणी बंद करणारं विधेयक येतंय. वीस तारखेला मतदान. बसमालकांचे लॉबीवाले, म्हणजे त्यांच्यासाठी सरकारदरबारी शब्द टाकणारे, कोणाकोणाला आणि कशासाठी भेटतात, हे त्यांना आता दर आठवड्याला सरकारी वेबसाइटवर जाहीर करावं लागतं. हा नोंदींचा कायदा व्हावा म्हणून अग्रलेख मीच लिहिला होता. ‘भेटलेल्या प्रत्येकाची नोंद झालीच पाहिजे’ हे वाक्य माझं! त्या नोंदींचा एकच पट्ट्यांचा तक्ता काढायचा: ज्याच्या भेटी जास्त, त्याची पट्टी लांब. छापून आला की विधेयक गार.

संपादकबाईंना दहा तारखेचा शब्द दिलाय. कन्या त्याच बसने शाळेत जाते, म्हणून हिनेही विचारलं, नक्की ना? म्हटलं, माझ्यावर सोड.

५ मार्च, बुधवार
वेबसाइट म्हणजे नुसता सावळागोंधळ. पण मी नोंदींचे चार गठ्ठे केले: मंत्री, आमदार, अधिकारी, इतर. दुपारपर्यंत काम फत्ते.

एकच कटकट. ‘इतर’ची पट्टी एवढी लांब की बाकीच्या तिन्ही मुंगीएवढ्या दिसतात. तक्त्याची पार रया गेली. ‘इतर’ लपवून टाकली. लगेच देखणा झाला.

शेजारच्या टेबलावरची रिपोर्टर, जिला सगळे टाचणी म्हणतात, डोकावून गेली. इतर म्हणजे कोण, म्हणे. म्हटलं, इतर म्हणजे इतर. किरकोळ मंडळी. नसत्या चौकशा हिला!

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ
सल्लागाराबरोबर कॉफी. हा बसमालकांचा मुख्य लॉबीवाला. कार्डावर ‘सल्लागार’ छापतो. गेले दोन महिने मी त्याला खेळवतोय, हे त्याच्या गावीही नाही.

आज बरंच काढून घेतलं. त्याने विचारलं तक्ता कुठवर आला, मी सांगितलं. कधी छापणार, तेही सांगितलं. संपादकबाईंचा स्वभाव कसा, तोही सांगितला. माणूस माझ्यापाशी पार मोकळा झालाय.

उठताना फोनवर काहीतरी टिपून घेत होता. माझं आडनाव नेमकं कसं लिहितात, विचारलं. लेख शोधून वाचणार असेल. गुणग्राहक आहे.

१० मार्च, सोमवार
बातमी आज गेली नाही. मुद्दाम.

एक तर पट्ट्यांचा रंग ठरत नाहीये. लाल म्हणजे सरळ आरोप. हिरवा अगदीच दवाखान्यासारखा. शिवाय सल्लागार म्हणतो, गेल्या महिन्याच्या आकड्यांत दुरुस्त्या येणार आहेत. घाईने छापलं तर तुमच्यासारख्याचं नाव खराब होईल, असं अगदी कळवळून म्हणाला. खरंतर हे माझ्या मनात आधीपासून होतंच.

संपादकबाई म्हणाल्या, वाचक रंग वाचत नाहीत. त्यांना सौंदर्यदृष्टी नाही, काय करणार.

१३ मार्च, गुरुवार
निळा! ठरलं एकदाचं.
संकल्प: बातमी छापून येईपर्यंत सल्लागाराला भेटायचं नाही.

१४ मार्च, शुक्रवार
भेटलो. भेटणार नाही, हे समोरासमोर सांगायला नको? त्याला पटलं. पुढची भेट रविवारी ठरली.

१७ मार्च, सोमवार
आज बस थांब्यावर थांबलीच नाही, घसरत पुढच्या वळणापर्यंत गेली. ड्रायव्हरकाका ओरडले, धरून बसा रे! कन्येने ही गोष्ट हसत सांगितली. तिला मजा वाटली.

ही काही हसली नाही. तुझा तक्ता कुठे आहे, एवढंच म्हणाली. म्हटलं, उद्या! अगदी शपथ घेऊन सांगितलं. दुरुस्त्या गेल्या खड्ड्यात.

१८ मार्च, मंगळवार
अक्षरांचा टाइप निळ्याशी जात नाही. दिवस त्यातच गेला.

१९ मार्च, बुधवार
संपादकबाईंनी फाइल टाचणीला द्यायला लावली. दिली. स्वयंपाक माझा, टाचणीने नुसतं वाढायचं. ‘इतर’ कुठून उघडतं, तिने विचारलं. बटण दाखवलं, वर म्हटलं की कशाला उगाच शोभा घालवतेस.

पाच मिनिटांनी ती लॅपटॉप उचलून थेट संपादकबाईंच्या केबिनमध्ये गेली. दार लावून घेतलं. तासभर झाला. माझं कौतुक चाललं असणार, पण मला बोलवायला काय हरकत होती?

२० मार्च, गुरुवार
बातमी आजही नाही! वकिलाला दाखवल्याशिवाय आपल्याच घरातलं छापता येत नाही, असं संपादकबाई म्हणाल्या. घरातलं म्हणजे काय, कळलं नाही. मला घरी जायला सांगितलं. पुढचं कळवू, म्हणाल्या.

विधेयक दुपारी मंजूर झालं.

२१ मार्च, शुक्रवार. सकाळ
आली. पहिल्या पानावर, टाचणीच्या नावाने. खाली पेपरची दिलगिरी.

‘इतर’ म्हणजे मी. वेबसाइटवर माझ्या एकेका कॉफीची नोंद आहे, आडनावासकट. हेतू: बातमी लांबवणे. फलनिष्पत्ती: समाधानकारक. कायदा त्याने अगदी तंतोतंत पाळलाय. माझ्या पट्टीखाली मंत्री मुंगीएवढे दिसतात. निळा मात्र उठून दिसतो, हे कोणालाही मान्य करावं लागेल.

कन्येने पान बघून टाळ्या वाजवल्या. बाबा, तू पहिला आलास! ते पान तिला वर्गात दाखवायला न्यायचं होतं. हिने तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि घडी घालून माझ्यासमोर ठेवलं.

खाली बस हॉर्न वाजवत होती. हिने हात करून ती पुढे पाठवली, कन्येचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवलं आणि दोघी चालत निघाल्या. शाळा बरीच लांब आहे. मी खिडकीतून म्हटलं, थांबा, मी येतो सोडायला.

कन्येने वळून हात हलवला. हिने वळून पाहिलं नाही.